आनंदवल्लीचे राघोबादादा

नाशिकला गंगेवर स्नानाला गेलेल्या प्रत्येक माणसाने नारोशंकराची घंटा पाहिलेली असते. सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी इ. स. १७४७ च्या सुमारास पंचवटीत रामेश्वराचे जे देऊळ बांधविले, त्याच्या तटावर ही प्रचंड घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७२१ हे साल आहे. घंटा मूळची हिंदू देवालयातली नव्हे, ती फिरंग्यांची. इ. स. १७३९ मध्ये थोरल्या बाजीरावांचे धाकटे बंधू चिमाजीअप्पा यांनी वसईचा किल्ला घेतला, त्या विजयाची खूण म्हणून ती गोदातीरी आली. गंगेला पूर आला की पाणी घंटेला लागले काय, असे आजही लोक एकमेकांना विचारतात.

ज्या वसईसाठी चिमाजीअप्पांनी हजारो माणसे खर्ची घातली, ती वसई पुढे छत्तीस वर्षांनी एका कराराने इंग्रजांना देऊ करण्यात आली. देऊ करणारा कोणी परका नव्हता. तो चिमाजीअप्पांचा सख्खा पुतण्या, बाजीरावांचा मुलगा, पंजाबात लाहोरपर्यंत मराठ्यांचा झेंडा नेणारा वीर. त्याच्या आयुष्याची कितीतरी वर्षे याच घंटेपासून कोस-दोन कोसांवर, गंगेच्या वरच्या अंगाला आनंदवल्लीस गेली. श्रीमंत रघुनाथराव बाजीराव पेशवे, अर्थात राघोबादादा, यांची ही हकीकत आहे.

देवळाच्या जीर्णोद्धाराच्या पुस्तिकेत संतसज्जनांची चरित्रे असावीत, पुतण्याच्या खुनाचा डाग लागलेल्या माणसाचे चरित्र कशाला, असे कोणी म्हणेल. म्हणणे अगदीच गैर नाही. परंतु नाशिक परिसरातील देवळांचा इतिहास सांगू लागले की पेशव्यांच्या घराण्याला वगळून एक पाऊलही टाकता येत नाही, आणि त्या घराण्याचा नाशिकशी सर्वांत निकटचा संबंध ज्यांच्यामुळे आला ते राघोबादादाच. ज्या हातांनी देवापुढे दिवा लावला त्याच हातांनी दुसरेही काही केले असेल, तर ते झाकून ठेवण्याने देवाचा महिमा वाढत नाही.

रघुनाथरावांचा जन्म इ. स. १७३४ च्या ऑगस्ट महिन्यात साताऱ्याजवळील माहुली येथे झाला. आई काशीबाई. वडीलबंधू नानासाहेब हे चौदा वर्षांनी मोठे. बाजीराव बारा महिने घोड्यावर. मुलाला बापाचा सहवास असा फारसा लाभला नाही, आणि २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेकाठी रावेरखेडीस बाजीरावांनी देह ठेवला तेव्हा रघुनाथ पुरता सहा वर्षांचाही नव्हता. पेशवेपदाची वस्त्रे नानासाहेबांना मिळाली. धाकट्याचे संगोपन त्यांनी बापाच्या मायेने केले, यात शंका नाही.

नानासाहेब हे हिशेबी, धोरणी, कागदपत्रांत रमणारे. रणांगणाची ओढ त्यांना बेताची. बापाची तलवार धाकट्या मुलाकडे आली, असे लोक म्हणू लागले, आणि त्यात तथ्य होते. विसावे वर्ष लागण्याआधीच, १७५३ मध्ये, दमाजी गायकवाडांच्या साह्याने दादांनी अहमदाबाद घेतले. त्याच वर्षी ते उत्तरेच्या पहिल्या स्वारीवर निघाले. १७५४ मध्ये जाटांच्या कुंभेरीला वेढा पडला आणि त्या वेढ्यात मल्हारराव होळकरांचा एकुलता एक मुलगा खंडेराव गोळा लागून पडला. खंडेरावांची पत्नी म्हणजे पुढे ज्यांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट व देवळे बांधली त्या पुण्यश्लोक अहिल्याबाई.

दुसरी स्वारी १७५७ ची, आणि हीच दादांच्या कीर्तीचा कळस. त्या वर्षी ऑगस्टात मराठी फौजांनी दिल्लीत नजीबखान रोहिल्याला कोंडला. नजीब हा अहमदशहा अब्दालीचा हस्तक, मोठा पाताळयंत्री माणूस. तो हाती सापडला होता. परंतु मल्हाररावांनी त्याची रदबदली केली आणि दादांनी त्याला जिवंत सोडले. वडीलधाऱ्या सरदाराचा शब्द मोडवेना म्हणा, की भिडेपुढे शहाणपण लटके पडले म्हणा, झाले ते असे. याच नजीबाने पुढे अब्दालीला साथ देऊन पानिपत घडवून आणले.

तेथून दादा पंजाबात शिरले. १७५८ च्या मार्चमध्ये सरहिंद पडले, एप्रिलमध्ये मराठे लाहोरात शिरले. अब्दालीचा मुलगा तैमूरशहा आणि त्याचा सेनापती जहानखान यांनी पळ काढला. मराठी पथकांनी पाठलाग करीत सिंधू नदीवरचे अटक गाठले. अटकेपार झेंडे लावले ही म्हण येथून निघाली. सत्य सांगायचे तर दादा स्वतः लाहोरातच राहिले, अटकेकडे गेली ती पथके तुकोजी होळकर, साबाजी शिंदे यांसारख्या सरदारांची. पण मोहीम दादांची, म्हणून यशही त्यांचेच. देवगिरीच्या यादवांचे राज्य बुडाल्यापासून साडेचारशे वर्षे दक्षिणेने उत्तरेची आक्रमणे सोसली होती. ती दक्षिण आता सिंधूच्या पाण्यावर घोडे पाजीत होती. त्या दिवसांत पुण्यात जो आनंद झाला असेल, त्याची कल्पना आज करणेही कठीण. लोकांनी दादांना राघोभरारी म्हटले.

आता या भरारीची दुसरी बाजू. लाहोरास दादा महिनाभरही राहिले नाहीत. १७५८ च्या मे महिन्यात ते माघारी वळले. पंजाबचा कारभार त्यांनी अदिना बेगाकडे सोपविला. त्याने वर्षाला ७५ लाख रुपये देण्याचे कबूल केले होते, पण काही महिन्यांतच तो मरण पावला. १७५९ सरता सरता अब्दालीने पंजाब परत घेतला. दादा पुण्यास परतले ते कीर्ती घेऊन आणि त्याबरोबर सुमारे ८० लाखांचे कर्ज घेऊन. फौजेचा पगार थकला होता. सावकारांचे तगादे सुरू झाले. चिमाजीअप्पांचे पुत्र सदाशिवरावभाऊ हे दौलतीचा जमाखर्च पाहत. त्यांनी हिशेब मागितला. ज्याने मुलूख मारला त्याला हिशेब विचारला की त्याचे माथे भडकते. हे पेशव्यांच्या वाड्यातच घडते असे नव्हे. घरात एक कमावणारा आणि एक वही लिहिणारा असला की दोघांचे पटणे दुरापास्तच. कटुता वाढली. १७६० मध्ये अब्दालीवर फौज पाठविण्याची वेळ आली तेव्हा परतूरच्या मुक्कामी ठरले ते असे, की उत्तरेत भाऊंनी जावे. उत्तरेची माहिती असलेले दादा दक्षिणेत राहिले आणि उत्तर कधी न पाहिलेले भाऊ पानिपतावर गेले. १४ जानेवारी १७६१ रोजी एका दिवसात काय झाले ते महाराष्ट्रातील प्रत्येक घराला ठाऊक आहे. दादा गेले असते तर निराळे घडले असते काय, यावर दोनशे साठ वर्षे वाद चालू आहे, आणि तो कधी मिटेल असे वाटत नाही.

त्याच वर्षी २३ जूनला नानासाहेब पर्वतीवर वारले. नाशिककरांना येथे एका गोष्टीची आठवण दिली पाहिजे. त्र्यंबकेश्वराचे आजचे दगडी देऊळ बांधण्यास याच नानासाहेबांनी १७५५ मध्ये सुरुवात केली होती. ते पुरे झाले १७८६ मध्ये. एकतीस वर्षे लागली आणि सोळा लाख रुपये खर्च झाला असे सांगतात. या एकतीस वर्षांत पानिपत झाले, चार पेशवे बदलले, घरात रक्त सांडले, इंग्रजांशी सात वर्षे लढाई चालली. त्र्यंबकेश्वरी पाथरवटांची छिन्नी मात्र थांबली नाही. राघोबादादांच्या भावी आयुष्याची सारी पडझड या एका देवळाच्या बांधकामाच्या काळात सामावलेली आहे.

नानासाहेबांमागून गादीवर आले त्यांचे दुसरे पुत्र माधवराव. वय अवघे सोळा. चुलते सत्तावीस वर्षांचे, रणधुरंधर, सरदारांत वजन असलेले. कारभार दादांनी पाहावा आणि पुतण्याने शिकावे, अशी मांडणी झाली. परंतु माधवराव हे शिकण्यापुरते बसणारे नव्हते. त्यांच्या मातोश्री गोपिकाबाई करारी, आणि दादांच्या पत्नी आनंदीबाईही तितक्याच करारी. या आनंदीबाई कोकणातील ओकांच्या घराण्यातल्या. दादांची पहिली पत्नी जानकीबाई वारल्यावर १७५६ मध्ये त्यांचा विवाह झाला. त्या लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या होत्या, राजकारण त्यांना कळे. पुढे त्यांच्या नावावर जे काही घातले गेले त्यात खरे किती आणि बायकांवर दोष ढकलण्याची पुरुषांची सवय किती, हे वाचकांनी ठरवावे.

चुलत्या-पुतण्यांचे बिनसले. दादा पुण्यातून निघाले आणि त्यांनी सरळ निजामाशी संधान बांधले. १७६२ च्या नोव्हेंबरात भीमाकाठी आळेगावास चुलता आणि पुतण्या समोरासमोर लढले. दादांचा जय झाला. माधवरावांनी पाहिले की घरातली लढाई लांबली तर राज्य निजामाच्या घशात जाईल, म्हणून ते आपण होऊन चुलत्याच्या छावणीत गेले आणि स्वाधीन झाले. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचे हे शहाणपण, आणि तिशीकडे झुकलेल्या वीराचा तो हट्ट! दुसऱ्याच वर्षी त्याच निजामाने पुणे लुटले, जाळले. त्यावर १० ऑगस्ट १७६३ रोजी गोदावरीच्याच काठी, खाली बीडकडच्या राक्षसभुवनास, मराठ्यांनी निजामाला गाठले. त्या लढाईत दादा शत्रूच्या गराड्यात सापडले आणि त्यांना सोडविण्यास धावून गेले ते माधवराव. वर्षापूर्वी चुलत्याचा कैदी झालेला पुतण्या चुलत्याचा जीव वाचवीत होता.

या लढाईनंतर कारभाराची सूत्रे माधवरावांनी आपल्या हाती घेतली. दादा नाशिकास आले. गंगेच्या काठी त्यांनी वाडा बांधला, आनंदीबाईंच्या नावावरून गावाला आनंदवल्ली नाव पडले. तेथील नवश्या गणपती त्यांनी नवस फेडण्यासाठी बसविला, असे परंपरेने सांगतात. दादा कर्मठ वृत्तीचे होते. स्नानसंध्या, जप, अनुष्ठाने, व्रतवैकल्ये यांत त्यांचे तास जात. नाशिकच्या मुक्कामात तीर्थाचा लाभ आणि राजकारणाची धग ही दोन्ही त्यांच्याजवळ बरोबरच नांदली. योगायोग पाहा, थोड्याच काळाने गोपिकाबाईही पुत्राशी न पटल्यामुळे नाशिकास येऊन राहिल्या. त्यांचे राहणे गंगापुरास. आनंदवल्ली ते गंगापूर हे अंतर जेमतेम दीड-दोन कोस. एकाच नदीच्या एकाच काठावर, एकाच पाण्यात स्नान करणारी, एकमेकांचे तोंड न पाहणारी दोन मोठी माणसे! रामकुंडावर अस्थी विसर्जनाला येणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पाणी आधी गंगापूरवरून येते, मग आनंदवल्लीवरून, आणि नंतर रामकुंडात उतरते.

दादांचे मन आनंदवल्लीस रमले नाही. १७६६ मध्ये ते पुन्हा उत्तरेत गेले. मल्हारराव होळकर त्याच वर्षी वारले. गोहदच्या जाटाचा किल्ला काही दादांना घेता आला नाही. अपयश आणि नवे कर्ज घेऊन ते परतले. आता त्यांनी राज्याची निम्मी वाटणी मागितली. १७६७ मध्ये माधवराव स्वतः आनंदवल्लीस आले, बोलणी झाली, कर्ज फेडण्याचे आणि चुलत्याचा मान राखण्याचे त्यांनी पत्करले. वाटणीस मात्र ते तयार झाले नाहीत. त्यांचे म्हणणे असे, की राज्य हे छत्रपतींचे आहे, पेशवे हे त्यांचे सेवक. सेवकाच्या घरात धन्याच्या दौलतीची वाटणी होत नसते.

या एका मुद्द्यापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण दादांच्या साऱ्या चरित्राची गाठ येथे आहे. दादांना आपली मागणी अन्यायाची वाटत नव्हती. वडिलांनी मिळविले, भावाने वाढविले, आपण स्वतः अहमदाबादेपासून लाहोरपर्यंत तलवार चालविली, मग आपल्या वाट्याला आनंदवल्लीचा एक वाडा आणि पुतण्याच्या मर्जीचा तुकडा का, असे त्यांना वाटे. शेताच्या बांधावर भाऊबंदकी पाहिलेल्या माणसाला हे दुःख परके नाही. वडिलोपार्जित जमीन असती तर दादांचे म्हणणे पंचांनी मान्यही केले असते. पण जे त्यांच्या मते घराचे होते, ते घराचे नव्हतेच. दोघांत शौर्याचा किंवा धर्मनिष्ठेचा कमी-अधिकपणा नव्हता. तरुण पुतण्याला जे कळले ते अनुभवी चुलत्याला अखेरपर्यंत पटले नाही, एवढाच काय तो भेद.

१७६८ च्या उन्हाळ्यात दादांनी फौज जमविली. अमृतराव या मुलाला त्यांनी दत्तक घेतले होते. होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड त्यांच्या पक्षाला होते. नाशिकच्या वाचकांना हे नाव ओळखीचे वाटेल. गंगेकाठचे सुंदरनारायणाचे देखणे देऊळ १७५६ मध्ये बांधविणारे हेच ते गंगाधर यशवंत. दादांनी आसरा घेतला तो धोडपच्या किल्ल्याचा. चांदवड आणि दिंडोरी यांच्यामधल्या सातमाळा डोंगररांगेत धोडप आपल्या आकारामुळे दुरूनही ओळखू येतो. १० जून १७६८ रोजी, ऐन पावसाच्या तोंडावर, माधवरावांची फौज येऊन भिडली. दादांची माणसे मोडली. स्वतः ते किल्ल्यावर गेले आणि अखेर पुतण्याच्या स्वाधीन झाले. त्यांना पुण्यास नेऊन शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवण्यात आले. गंगाधर यशवंतांनाही कैद आणि दंड भोगावा लागला. सुंदरनारायणाच्या बांधणाऱ्यालाही देवाने या फेऱ्यातून सोडविले नाही.

नजरकैद साडेचार वर्षे चालली. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरच्या गणपतीसमोर माधवराव क्षयाने वारले. मरणापूर्वी त्यांनी चुलत्याला मोकळे करून धाकटे भाऊ नारायणराव यांचा हात त्यांच्या हाती दिला, असे सांगतात. वय सतरा, स्वभाव उतावळा, थोरल्या भावाचा वकूब नाही. काही महिन्यांतच नारायणरावांनी दादांना पुन्हा कोंडले, आणि या वेळी बंदोबस्त अधिक कडक केला.

३० ऑगस्ट १७७३. गणेशोत्सवाचे दिवस. भर दुपारी थकलेल्या पगाराचे निमित्त करून सुमेरसिंगाचे गारदी तलवारी उपसून शनिवारवाड्यात शिरले. नारायणराव धावत चुलत्याकडे गेले, त्यांना मिठी मारली. ती मिठी सोडवून गारद्यांनी त्यांना कापले. अंगावर आडवा पडलेला चापाजी टिळेकर हा सेवकही त्यांच्यासह मारला गेला. वाड्यात आणखीही माणसे मेली, गायही मेली. चापाजीचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत एका ओळीत येते. अटकेपासून पुण्यापर्यंत कीर्ती असलेले धनी तेथे उभे होते, आणि पुतण्याच्या अंगावर पडला तो एक नोकर.

दादांनी गारद्यांना काय हुकूम दिला होता? धरावे असा मूळ हुकूम होता आणि आनंदीबाईंनी ध चा मा केला, ही कथा महाराष्ट्रात पोरासोरांना ठाऊक आहे. तसा खाडाखोड केलेला कागद मात्र इतिहासाला सापडलेला नाही. आनंदीबाईंवरचा आरोप लोकांच्या तोंडी राहिला, न्यायासनापुढे तो सिद्ध झाला नाही. दादांची गोष्ट वेगळी. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली, दादांना दोषी ठरविले आणि या पातकाला देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही, असा निर्णय त्यांच्या तोंडावर दिला. ज्याला दोषी ठरविले तोच पेशवा झालेला, मग शिक्षा अंमलात आणणार कोण? रामशास्त्र्यांनी पुणे सोडले. आयुष्यभर प्रायश्चित्ते, दाने, अनुष्ठाने करणाऱ्या दादांना एका शास्त्र्याने असे प्रायश्चित्त सांगितले, की जे त्यांना घेणे शक्य नव्हते. दान देऊन, ब्राह्मणभोजने घालून, गंगेत बुड्या मारून ते फिटणारे नव्हते.

पेशवेपदाची वस्त्रे मिळाली, पण वर्षही धड गेले नाही. नाना फडणीस, सखारामबापू, हरिपंत फडके, त्र्यंबकराव पेठे अशा कारभाऱ्यांनी एकजूट केली. तिलाच बारभाईंचे कारस्थान म्हणतात. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर त्यांना मुलगा झाला आणि चाळीस दिवसांच्या त्या बालकाला, सवाई माधवरावांना, पेशवेपद मिळाले. चाळिशीच्या चुलत-आजोबाला चाळीस दिवसांच्या मुलाने गादीवरून दूर केले! दादा गुजरातेकडे पळाले. आनंदीबाईंना त्यांनी धारच्या किल्ल्यात ठेवले. तेथे १० जानेवारी १७७५ रोजी त्यांना पुत्र झाला, त्याचे नाव आजोबांवरून बाजीराव ठेवले.

आणि मग सुरत. १७७५ च्या मार्चमध्ये दादांनी मुंबईकर इंग्रजांशी तह केला. इंग्रजांनी २,५०० शिपाई द्यावेत, दादांनी त्यांच्या खर्चासाठी दरमहा दीड लाख द्यावेत, सहा लाखांचे जवाहीर तारण ठेवावे, आणि साष्टी व वसई कायमची द्यावी. पेशव्यांच्या देवघरातला पुरुष पुतण्याच्या मुलाविरुद्ध परदेशी व्यापाऱ्यांची फौज भाड्याने आणीत होता, आणि भाडे म्हणून चिमाजीअप्पांची वसई देत होता. वसईची घंटा त्या वेळीही नाशिकास टांगलेलीच होती. दादांनी ती कितीदा ऐकली असेल, कोणास ठाऊक.

पुढची सात वर्षे लढाई चालली. तिचा सारा तपशील येथे देण्याचे कारण नाही. कलकत्त्याच्या वरिष्ठांनी मुंबईकरांचा तह नामंजूर केला, १७७६ मध्ये पुरंदरास दुसरा तह झाला, तोही टिकला नाही. १७७९ च्या जानेवारीत दादांना घेऊन पुण्याकडे निघालेल्या इंग्रज फौजेला मराठ्यांनी वडगावास कोंडून शरण आणले. दादा महादजी शिंद्यांच्या हाती आले. महादजींनी त्यांना झाशीकडे पाठविले, तर वाटेत नर्मदेवर पहाऱ्यावर हल्ला करून ते निसटले आणि पुन्हा इंग्रजांकडे गेले. त्यांनी आपला वकील थेट विलायतेसही पाठविला. हणमंतराव नावाचा ब्राह्मण आणि मणियार पारशी हे १७८१ मध्ये लंडनला होते. तेथे एडमंड बर्क या थोर पुढाऱ्याने त्यांना आपल्या घरी उतरविले आणि हणमंतरावांचे सोवळे सांभाळण्याची सोय केली. समुद्र ओलांडण्याचा दोष मानणाऱ्या, सोवळ्यात कडक असलेल्या दादांनी राज्यासाठी आपला ब्राह्मण समुद्रापार धाडला! परत आल्यावर त्या वकिलांना शुद्धी करून घ्यावी लागली.

१७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला. वसई मराठ्यांना परत मिळाली, साष्टी इंग्रजांकडेच राहिली. ज्यांच्या नावाने युद्ध सुरू झाले त्या दादांना इंग्रजांनी सोडून दिले. दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक घेऊन त्यांनी कोठेतरी स्वस्थ राहावे, असे ठरले. दादांनी जागा निवडली कोपरगावची. पुन्हा गोदावरीचाच काठ. आनंदवल्लीवरून वाहून गेलेले पाणी कोपरगावास जाते. तेथे ११ डिसेंबर १७८३ रोजी राघोबादादांचा अंत झाला. वय पन्नाशीच्या आत. आनंदीबाई पुन्हा गरोदर होत्या. चिमाजीअप्पा हा मुलगा बाप गेल्यावर जन्मला. ज्यांची वसई दादांनी देऊ केली, त्यांचेच नाव त्या मुलाला मिळाले.

गोपिकाबाई १७८८ मध्ये नाशिकास वारल्या. आनंदीबाई कारभाऱ्यांच्या पहाऱ्यात दिवस काढून १७९४ मध्ये वारल्या. धारच्या किल्ल्यात जन्मलेला बाजीराव १७९६ मध्ये पेशवा झाला. होळकरांच्या भीतीने पुणे सोडून त्याने ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला, तोही वसईसच. १८१८ मध्ये राज्य संपले.

दादांच्या पदरी काय जमा धरावे याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. कोणी त्यांना केवळ कलिपुरुष म्हणतात. ते एकांगी आहे. पंजाबातील स्वारी, अहमदाबाद, निजामावर चाल करताना दाखविलेली छाती, ही खोटी नव्हती. देवाधर्मावरची त्यांची श्रद्धा हे ढोंग होते असे म्हणण्यास काही आधार नाही. आणि पुतण्याला मिठीतून सोडविले जात असता ते तेथे होते, हेही खोटे नाही. पहिल्या गोष्टींनी दुसरी धुऊन निघत नाही, आणि दुसरीमुळे पहिल्या पुसून टाकता येत नाहीत.

आनंदवल्ली आज नाशिक शहराच्या हद्दीत आली आहे. गंगापूर रस्त्यावर इमारतींची दाटी झाली, पेशव्यांच्या वाड्याचे वैभव उरले नाही. नवश्या गणपतीला मात्र गर्दी असते, विशेषतः चतुर्थीला. मुलासाठी नवस बोलायला आलेल्या आयाबायांत दादा कोण होते हे ठाऊक असलेल्या थोड्याच. मूर्तीपुढे नारळ फुटतो, घंटा वाजते, आणि खाली गंगा पंचवटीकडे जात असते.